फी माफ झाली, पण कॉटचं डिपॉझिट?

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्या ऑफिसात येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, पुण्याला पाठवली तर वर्षाला किती लागतील?" परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. फी किती, असं ते विचारत नाहीत. एकूण किती लागतील, हे त्यांना हवं असतं.

फीची सोय आता बरीच झाली आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना फार्मसी, इंजिनीअरिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहेच.

तरी मुलं अडतात. एका मुलीला पुण्यात बी. फार्म. मिळालं, फी माफीतही ती बसत होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुकादमाकडून उचल मिळते ती हंगामाच्या तोंडावर. जुलै-ऑगस्टमध्ये घरात रोकड नसते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती जागा घ्यायची तर डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स याच दोन महिन्यांत लागतो. पोरगी गावातच बी. ए.ला बसली. हुशार मुलगी, मला आजही तिचं वाईट वाटतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला जागा हवी, म्हणून १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं.

आजच्या योजनांमध्ये त्या विचाराच्या सर्वांत जवळ जाते ती भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींना मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. लहान शहरांत रक्कम कमी होत जाते. आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा त्याच धर्तीच्या योजना आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता मात्र व्यावसायिक पदवीच्या वसतिगृहातल्या मुलालाही वर्षाला १३,५०० रुपयेच, म्हणजे महिन्याला ११२५. तेवढ्यात पुण्यात दोन वेळचं जेवणसुद्धा होत नाही. म्हणून मी पालकांना आधी स्वाधार, आधार, स्वयम यांतलं काय बसतं ते पाहायला सांगते. फी माफीची चौकशी नंतर.

एक गोष्ट प्रत्येकाला बजावते. या योजनांचे पैसे आधार नंबर ज्या बँक खात्याशी जोडलेला असेल तिथेच जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. पोरं पुण्याला गेली की नवीन बँकेत खातं काढतात, आधार तिकडे जोडलं जातं आणि इकडे बाप गावच्या शाखेत पासबुक भरत राहतो. बँकेत जाऊन सीडिंग कुठल्या खात्याला आहे एवढं विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखलाही मे महिन्यातच काढा. जूनमध्ये तहसीलबाहेर रांग लागते.

खरा घोळ वेळेचा आहे. आधी प्रवेश, मग अर्ज, मग कॉलेजची तपासणी, मग सरकारी खात्याची, मग हप्ता. या क्रमात पैसे येईपर्यंत मेसवाल्याची उधारी साचलेली असते. आयटीआय करून कारखान्यात ॲप्रेंटिस लागलेल्या मुलांचं पाहा, त्यांचं विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला ठरलेलं असतं. थोडं असलं तरी त्याच्या भरवशावर खोली घेता येते.

कॅपमध्ये जागा पक्की होते तेव्हा मुलीचं नाव, जात, उत्पन्न, सगळं सरकारच्या हातात असतं. त्याच आठवड्यात स्वाधारसारख्या योजनांचा पहिला हप्ता, पाच-सात हजारांचा का होईना, खात्यात टाकावा, असं मला मनापासून वाटतं. तेवढ्यात कॉटचं डिपॉझिट निघतं. बाकीची तपासणी दिवाळीपर्यंत चालू द्या.