धान नोंदणीची गर्दी आणि सर्व्हरची स्मरणशक्ती

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी उरकली की शेतकऱ्याची दुसरी धावपळ सुरू होते. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने विक्री करायची, तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या खेड्यांतून माणसं सातबारा, आधार, पासबुक घेऊन येतात. त्या दिवशी सर्व्हर बंद पडला तर मजुरी बुडते आणि पुन्हा खेप पडते. अशा गर्दीचा भार उचलणारं एक फुकट, खुलं साधन आहे: मेमरीत चालणारा कॅश सर्व्हर.

२०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. हजार जणांनी विचारलं तरी उत्तर तेच. मग प्रत्येकासाठी डेटाबेस का चाळायचा? केंद्रावर भाव फलकावर लिहिला की कारकुनाला कोणी विचारत नाही. कॅश हा तसाच फलक: नेहमीची उत्तरं रॅममध्ये तयार ठेवतो आणि डेटाबेसला खऱ्या नोंदणीसाठी मोकळा ठेवतो.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये 'लाइव्हजर्नल' या ब्लॉग संकेतस्थळासाठी 'मेमकॅश्ड' हा असा कॅश सर्व्हर लिहिला. इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांचा 'रेडिस' २००९ मध्ये आला. २०१३ मध्ये प्रोग्रॅमला 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं 'डॉकर' आल्यावर असा सर्व्हर एका आज्ञेत उभा राहू लागला. सोय मोठी आहे, पण आयत्या सेटिंगवर विसंबणं घातक आहे.

पहिली काळजी मेमरीची. ६४-बिट यंत्रावर रेडिसला स्वतःहून कोणतीच मर्यादा नसते. फक्त कंटेनरला मर्यादा घातली, तर ती ओलांडताच लिनक्स रेडिसची प्रक्रिया मारून टाकतं. कंटेनर १३७ हा कोड दाखवून थांबतो. म्हणून रेडिसची 'मॅक्समेमरी' कंटेनरपेक्षा कमी ठेवावी. कंटेनर ५१२ एमबीचा असेल तर रेडिसला ३८४ पुरे. उरलेली जागा डिस्कवर प्रत काढताना आणि जोडण्या सांभाळताना लागते. जागा भरल्यावर रेडिस मुळात नवी नोंद नाकारतो. कॅशसाठी 'ऑलकीज-एलआरयू' हे धोरण निवडावं, म्हणजे बराच काळ न वापरलेली नोंद आधी जाते. मेमकॅश्ड मात्र ६४ एमबीपासून सुरू होतो आणि जुनं आपसूक काढतो. प्रत्येक नोंदीला मुदतही हवी: हमीभावाला एक दिवस चालेल, केंद्रावरच्या उरलेल्या क्षमतेला एक मिनिटही पुष्कळ.

दुसरी काळजी दाराची. कंटेनरचा पोर्ट नुसता उघडला तर डॉकर तो यंत्राच्या सर्व पत्त्यांवर खुला करतो आणि 'यूएफडब्ल्यू'सारख्या फायरवॉलचे नियमही डावलले जाऊ शकतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये इंटरनेटवर उघडे राहिलेले मेमकॅश्ड सर्व्हर वापरून हल्लेखोरांनी 'गिटहब'वर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा केला. म्हणून कॅश डॉकरच्या अंतर्गत नेटवर्कवरच असावा, आणि रेडिसला पासवर्ड हवाच.

तिसरी काळजी सर्वांत महत्त्वाची. शेतकऱ्याची नोंदणी आधी डेटाबेसमध्येच लिहिली गेली पाहिजे. आधार आणि बँक खात्याचे तपशील कॅशमध्ये नकोत. कॅश पूर्ण रिकामा झाला तर काम थोडं मंदावावं, पण कोणाचीही नोंद हरवू नये. लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेली संकेतस्थळं बांधणाऱ्या प्रत्येकाने हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा स्वतः कॅशचा कंटेनर बंद करून हे तपासलंच पाहिजे.