शेती आणि यंत्र (लेखांक ७) : लाल ट्रॅक्टरची कंपनी

मागच्या आठवड्यात आपण व्हर्जिनियातल्या एका शेतावर थांबलो होतो. तिथे १८३१ साली सायरस मॅकॉर्मिकने घोड्यांनी ओढायचे कापणीयंत्र चालवून दाखवले. ते घडवताना जो अँडरसन हा गुलाम त्याच्या बरोबरीने राबला होता, हे सांगितल्याशिवाय ती हकिगत पुरी होत नाही. मॅकॉर्मिकचा कारखाना पुढे शिकागोला गेला. १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कंपन्या एकत्र आल्या आणि ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ उभी राहिली.

या कंपनीचे खरे मोठेपण १९२४ साली बाजारात आलेल्या ‘फार्मॉल’मध्ये आहे. तोवरचे ट्रॅक्टर नांगरणी करत, मळणीयंत्र फिरवत. पण मका किंवा कापूस हातभर वाढला, की त्यांना शेतात शिरता येत नसे. कोळपणीसाठी शेतकऱ्याला घोडे पोसावेच लागत. फार्मॉलची पुढची दोन चाके एकमेकांना चिकटून, मागची दोन लांब, आणि आस उंच. पुढची चाके दोन ओळींच्या मधून जात आणि पीक आसाखालून सुखरूप निघे. नांगरणीपासून कोळपणीपर्यंतची कामे एकाच यंत्राने होऊ लागली, तेव्हा कुठे अमेरिकन शेतातला घोडा सुटला. १९३६ पासून हे ट्रॅक्टर लाल रंगात येऊ लागले आणि लाल म्हणजे हार्वेस्टर हे समीकरण पक्के झाले.

मग घसरण कुठून सुरू झाली? बहुतेक जण १९७९ च्या कामगार-संपाकडे बोट दाखवतात. माझ्या मते तडा त्याच्या वीस वर्षे आधी गेला. १९५८ मध्ये कंपनीने सहा सिलिंडरचा ‘५६०’ आणला. इंजिन नवे, जोरकस. पण मागच्या चाकांना जोर पोहोचवणारी दंतचक्रे मूळची १९३९ च्या ‘फार्मॉल एम’ची. वाढलेला ताण त्यांना पेलवेना. पुरेशी चाचणी न घेता यंत्र विकायला काढले होते. १९५९ मध्ये कंपनीला विकलेले ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. ऐन हंगामात उभा राहिलेला ट्रॅक्टर शेतकरी विसरत नाही. याच सुमारास जॉन डीअरने शेती-अवजारांच्या विक्रीत हार्वेस्टरला मागे टाकले.

संपाने उरलेसुरले नेले. झेरॉक्समधून आलेले कंपनीप्रमुख आर्ची मॅकार्डेल खर्चकपातीच्या मागे होते. सक्तीच्या जादा कामाची अट त्यांना हवी होती, कामगारांना ती मान्य नव्हती. १ नोव्हेंबर १९७९ ला सुरू झालेला संप १७२ दिवस चालला. तो मिटला तेव्हा कंपनीच्या हाती फारसे काही लागले नव्हते. कर्ज मात्र वाढले होते, व्याजदर चढले होते आणि शेतमालाचा बाजार पडायच्या बेतात होता. १९८४ च्या नोव्हेंबरात शेती विभाग टेनेको या उद्योगसमूहाला विकल्याची घोषणा झाली. टेनेकोच्याच मालकीच्या जे. आय. केस कंपनीत तो मिसळून ‘केस आयएच’ झाला. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडचा फार्मॉल कारखाना १९८५ च्या मे महिन्यात बंद पडला. उरलेल्या ट्रक-कंपनीने पुढच्या वर्षी ‘नॅव्हिस्टार’ हे नाव घेतले.

आपला या कंपनीशी संबंध कांदिवलीचा. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली आणि ‘बी-२७५’ हा हार्वेस्टरचा ट्रॅक्टर इथे बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. हार्वेस्टर संपली, पण ‘२७५’ हा आकडा महिंद्रच्या ट्रॅक्टरवर राहिला. तुमच्या गोठ्याशेजारी किंवा चुलत्यांच्या वाड्यात जुना बी-२७५ उभा असेल, तर तो भंगारात घालू नका. एकदा चालू करून पाहा.