बांधाचा तंटा आणि मध्यस्थीचा मार्ग



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेती खात्याकडे दरसाल एक ठरलेली तक्रार येते. तोडीची चिठ्ठी मिळाली, टोळी फडात आली, पण पुढच्या शेतवाल्याने वाट अडवली म्हणून गाडी आत जाईना. टोळी एक दिवस वाट पाहते आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या फडात निघून जाते. ऊस उभाच राहतो, वजन घटते, खोडवा लांबतो. चिटबॉयवर रागावून उपयोग नाही, वाट काही त्याने अडवलेली नसते. आणि ती मोकळी करून देण्याचा अधिकार कारखान्यालाही नाही.

मग कज्जा तहसीलदारांकडे जातो, तिथून दिवाणी कोर्टात. तारखा पडत राहतात. दोन्ही घरांची उसाची बिले वकिलाच्या फीला आणि एस.टी.च्या तिकिटाला जातात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणायला सोपे आहे, पण ज्याचा ऊस फडात वाळतो आहे त्याने काय करावे? त्यासाठीच या अंकात मध्यस्थीची माहिती देत आहोत. आम्ही वकील नव्हे. जाणकारांना विचारून जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

मध्यस्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावातला वजनदार माणूस येतो. दोघांना ओसरीवर बसवायचे, एकाला दटावायचे, दुसऱ्याची समजूत काढायची आणि शेवटी ‘मी सांगतो तसे करा’ म्हणून मोकळे व्हायचे. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातला मध्यस्थ असे काही करत नाही. निकाल देण्याचा अधिकारच त्याला नाही. लवाद निवाडा देतो आणि तो दोघांना बांधतो. मध्यस्थ फक्त बोलणे घडवून आणतो. काय कबूल करायचे, काय नाही, हे भांडणाऱ्यांच्याच हाती राहते. नाही पटले तर उठून जायची मुभा आहे, दावा जिथे होता तिथून पुढे चालतो.

आमच्या कार्यक्षेत्रातलीच एक हकीकत सांगतो. नावे घेत नाही, घेणे बरे नव्हे. दोघे चुलतभाऊ. वाडवडिलांनी तोंडी वाटणी केलेली. थोरल्याचे रान डांबरी रस्त्याला लागून, धाकट्याचे त्यामागे. बांधावरची गाडीवाट पूर्वापार चालत आलेली. एका साली ओल्या रानातून ट्रॅक्टर गेला आणि थोरल्याची पाइपलाइन फुटली. पुढच्या साली पुन्हा फुटली. तेव्हा त्याने बांधाला आडवा चर मारला. धाकट्याचा तीन एकर आडसाली ऊस मागे अडकला. त्याने तहसीलदारांकडे अर्ज दिला, थोरल्याने दिवाणी कोर्टात मनाई मागितली. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले.

मध्यस्थ होत्या दुसऱ्या तालुक्यातल्या एक वकीलबाई. पहिल्या बैठकीत नुसती तोंडातोंडी झाली. बाईंनी ती होऊ दिली. दुसऱ्या वेळी त्यांनी दोघांना वेगवेगळे बसवून घेतले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. थोरला म्हणाला, “वाटेला माझी ना नाही हो बाई. पाइप दोनदा फुटला, बघायलासुद्धा कुणी आलं नाही. अन् सामाईक विहिरीचं लाइटबिल इतकी वर्षं मी एकटा भरतोय.” धाकट्याचे म्हणणे, “मीटर दादाच्या नावावर. बिल मला दावलं कधी? दावलं असतं तर दिलं नसतं का?” दाव्याच्या कागदात लाइटबिलाचा एक शब्द नव्हता. न्यायाधीशांनी वाटेचा निकाल दिला असता, विहिरीचे भांडण तसेच राहिले असते आणि दुसऱ्या साली दुसरा दावा उभा राहिला असता.

तिसऱ्या बैठकीत मिटले. पश्चिम बांधाने दहा फूट वाट. तिच्याखालचा पाइप धाकट्याने स्वखर्चाने लोखंडी नळीत घालून द्यायचा. रान वाफशावर आल्याशिवाय भरली गाडी न्यायची नाही. लाइटबिल निम्मे-निम्मे, पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची. वाटेची नोंद ७/१२च्या ‘इतर हक्क’ रकान्यात करून घ्यायची. सगळे गोड झाले असे मात्र नाही. पुढच्या साली बिलाचे पैसे उशिरा आले, आणि दोघांचे बोलणे अजून जेमतेमच आहे. पण ऊस वेळेवर गाळपाला आला.

बैठकीत जे बोलले जाते ते तिथेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात स्पष्ट केले की तडजोड झाली तर तिचा सह्यांचा कागद मध्यस्थाने कोर्टाला पाठवावा. न झाली तर ‘झाली नाही’ एवढेच कळवावे. कोण काय म्हणाले हे लिहायचे नाही. म्हणूनच वेगळ्या बैठकीत माणूस मन मोकळे करतो.

यावरून एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कुणी राग मानू नये. असे तंटे चेअरमनसाहेबांनी किंवा संचालकांनी मिटवावेत असा सभासदांचा आग्रह असतो. हेतू चांगला आहे. पण ज्याला पुढच्या निवडणुकीत दोन्ही घरी मते मागायला जायचे, त्याच्यापुढे कोण मनातले बोलेल? आणि कुणाच्या बाजूने एक शब्द जास्त गेला की गटातटाची चर्चा सुरू. परका माणूस बरा. कोर्टाच्या यादीवरच्या मध्यस्थाला ४० तासांचे प्रशिक्षण दिलेले असते, आणि कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणात पक्षकारांना त्याची फी द्यावी लागत नाही. खाजगी मध्यस्थ नेमल्यास त्याची फी उभयतांनी वाटून घ्यायची असते.

कायद्याचा आधार थोडक्यात असा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ नव्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि दावा मध्यस्थीकडे किंवा लोक अदालतीकडे पाठवण्याची सोय झाली. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. आपल्या राज्यात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. लोक अदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बँकेची थकबाकी, न वटलेला चेक, अपघाताची भरपाई यांना ती चांगली. भाऊबंदकीला मात्र सावकाश बसून बोलायला वेळ लागतो, तिथे मध्यस्थीच बरी.

मिटले म्हणजे नुसते हातात हात देऊन घरी येऊ नका. दावा चालू असेल तर तडजोडीचा कागद कोर्टात दाखल करून तसा हुकूमनामा करून घ्यावा. तो उभयतांच्या संमतीचा असल्याने त्यावर साधे अपील चालत नाही. दावा नसताना जमिनीची वाटणी स्टॅम्पवर लिहून सह्या केल्या आणि दस्त नोंदवला नाही, तर पुढे तो कागद टिकणे अवघड. वाटणीत बहिणींना वगळून भावाभावांत मिटवले, तर ते मिटलेच नाही असे धरावे. मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला आहे. त्यांनाही बैठकीला बोलवा. नुसते सहीपुरते नको, बोलायला.

सगळेच तंटे या वाटेने जात नाहीत. खोटा दस्त, मारहाण, धाकदपटशा असेल तिथे पोलीस आणि कोर्टच हवे. दुसरा सावधगिरीचा मुद्दा मुदतीचा. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ‘बोलू, मिटवू’ म्हणत समोरच्याने ती मुदत घालवल्याची उदाहरणे आहेत. आधी अर्ज दाखल करावा, मग खुशाल बोलत बसावे.

दावा चालू असेल तर आपल्या वकिलाला सांगून प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती करता येते. दावा नसेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. जाताना ७/१२, ८अ, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा असल्यास तो न्यावा. उसाच्या नोंदीचा दाखला लागला तर आपल्या गट ऑफिसात मागावा.