मुलाच्या पाठीतील नळी आणि रक्त पातळ करणारी औषधे

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आपल्या रायगड जिल्ह्यात खारघरला आहे. अशा शस्त्रक्रियेत कृत्रिम झडप बसवलेल्या मुलांना रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध रोज घ्यावे लागते. पुढे त्याच मुलाचे पोटाचे किंवा पायाचे मोठे ऑपरेशन ठरले, तर वेदना कशा थांबवायच्या?

एक चांगला उपाय म्हणजे 'एपिड्युरल'. भूलतज्ज्ञ मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळी बसवतात व तीतून बधिर करणारे औषध सोडतात. मूल शांत राहते, खोल श्वास घेते, मॉर्फीनही कमी लागते.

मात्र त्या जागी रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्त पातळ असताना सुई लागली, तर आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. हे क्वचित घडते. पण काही तासांत उपचार न झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात.

म्हणून सारी मदार वेळेवर असते. एनॉक्सापॅरिनचे कमी मात्रेचे इंजेक्शन दिल्यावर सुईपूर्वी साधारण १२ तास, तर पूर्ण मात्रेनंतर २४ तास थांबतात. वॉरफॅरिन सुमारे ५ दिवस आधी बंद करून 'आयएनआर' ही रक्ततपासणी करतात. नळी काढतानाही रक्तस्रावाचा धोका तेवढाच असतो. तेव्हाही वेळ पाळावीच लागते. औषध थांबवणे शक्य नसेल, तर एपिड्युरल टाळून वेदनाशमनाचे दुसरे उपाय योजतात.

पालकांनी काय करावे? औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस कधी दिला, हे कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये. झडपेवर गुठळी धरू शकते.

ऑपरेशननंतर मुलाच्या पायांवर लक्ष ठेवावे. लहान मुलाला 'पाय बधिर झाला' असे सांगता येत नाही. हलणारी बोटे हलेनाशी झाली, पाठ फार दुखू लागली, किंवा नळी काढल्यावर लघवी अडली, तर अपरात्रीसुद्धा परिचारिकेला तत्काळ सांगावे. 'औषधाचाच परिणाम असेल' असे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.