नांगरवाले कूपर : मुंबई इलाख्याचे पहिले मुख्यमंत्री

आपल्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री कोण असे विचारले तर कोणी यशवंतराव चव्हाणांचे नाव घेईल. जुनी माणसे बाळासाहेब खेर म्हणतील. त्यांच्याही आधी साडेतीन महिने त्या खुर्चीवर एक कारखानदार बसला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि कारखानदार तरी कसला, तर आपल्याच कामाचा : नांगर, चरक आणि विहिरीवरचे इंजिन बनवणारा. त्यांचे नाव सर धनजीशा बोमनजी कूपर. जन्म 1878 चा, जात पारशी, गाव सातारा.

नगर जिल्ह्यातल्या बागाईतदाराला कूपर हे नाव नवे नाही. केडगावच्या बाजूला पाट नाही, सगळा भरवसा विहिरीवर. मोटा सुटल्या आणि वीज आली, त्यामधल्या काळात विहिरीच्या थारोळ्यावर धडधडत होते ते तेलाचे इंजिन. जड चाक, हँडल मारायला दोन दणकट गडी, एकदा चालू झाले की मैलभर आवाज. अशी इंजिने आपल्या देशात ज्यांनी प्रथम बनवली, त्यांत साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नाव अगदी सुरुवातीला येते. त्याचे डिझेल इंजिन 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाहेर पडले. त्याआधी इंजिन म्हटले की ते विलायतेहून यायचे, आणि सुटा भाग मोडला तर बोटीची वाट बघायची.

पण कारखान्याचा जन्म इंजिनावर नाही, नांगरावर झाला. 1922 साली कूपरांनी हा धंदा उभा केला. लोखंडी नांगर त्यावेळी किर्लोस्करांनी लोकांच्या गळी उतरवलेला होता. उतरवायला किती कष्ट पडले ते विचारू नका; लोखंडाने जमिनीला विष चढते असे सुद्धा लोक म्हणत. उसाला खोल नांगरट लागते. काळ्या रानात हराळी माजलेली असली की लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल जुंपूनही ती मुळासकट निघत नाही. लोखंडी फाळाने ती निघू लागली, तेव्हा शेतकऱ्याचा विश्वास बसला. त्या बसलेल्या विश्वासावर कूपरांनी आपला माल उतरवला. नांगराबरोबर उसाचे चरकही तिथे होऊ लागले, म्हणजे गुऱ्हाळाची सोय. आपल्याकडे साखर कारखाने व्हायच्या आधी ऊस म्हणजे गूळ, आणि गूळ म्हणजे चरक.

इथे एका माणसाचा उल्लेख टाळता येत नाही : कर्मवीर भाऊराव पाटील. भाऊराव त्यावेळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होते. शेतकऱ्याची नाडी त्यांच्याइतकी कोणाला कळत नव्हती. कूपरांचा कारखाना उभा करण्यात त्यांचा मोठा हात होता. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढलेली होतीच. गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंग चालवायचे तर पैसा पाहिजे, आणि कारखान्याच्या मिळकतीतला काही वाटा शिक्षणाकडे यावा अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे दोघांचे फाटले. भाऊरावांच्या बाजूने सांगणारे म्हणतात की दिलेला शब्द पाळला गेला नाही. रागाच्या भरात भाऊराव पिस्तूल घेऊन कूपरांवर चालून गेले होते, ही गोष्टही साताऱ्याकडे सांगतात. तसे काही घडले नाही हे दोघांचेही नशीब, आणि आपलेही. कारण त्यानंतर भाऊरावांनी कोणा एका धनिकाच्या भरवशावर राहायचे सोडले आणि मूठमूठ धान्य, आणा-आणा वर्गणी, असे लोकांतून उभे केले. आपल्या जिल्ह्यात कोपरगावपासून श्रीरामपूरपर्यंत रयतची शाळा-कॉलेजे दिसतात, त्यांचे मूळ त्यात आहे. ऊसबिलातून शिक्षणनिधीची कपात होते तेव्हा कोणी कुरकुरतो. पण ती कपात सभासदांच्या ठरावाने होते, मालकाच्या मर्जीवर नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

कूपर नुसते कारखानदार नव्हते. सातारा नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्ड ही त्यांची पहिली शाळा. तिथून मुंबईच्या कायदे कौन्सिलात. राजकारणात ते ब्राह्मणेतर पक्षाच्या बाजूने होते, आणि पारशी असूनही साताऱ्याच्या मराठा-बहुजन मतदारांत त्यांचे वजन होते. 1919 च्या सुधारणांनी काही खाती देशी मंत्र्यांकडे आली होती, उरलेली गव्हर्नरच्या हाताखाली. त्या दुहेरी कारभाराच्या शेवटच्या वर्षांत कूपर मंत्री झाले. सरकारने सर ही पदवीही दिली. काँग्रेसवाले त्यांना सरकारधार्जिणे म्हणत, आणि ते म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तुरुंगात जाणाऱ्यांच्या काळात ते गव्हर्नरच्या बैठकीत होते.

मग आले 1937. नव्या कायद्याप्रमाणे 1 एप्रिलपासून प्रांतांना स्वायत्तता मिळायची होती. त्याआधी निवडणुका झाल्या. मुंबई इलाखा म्हणजे त्यावेळी आजच्यासारखा नव्हे : गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले धारवाड-विजापूर-बेळगावचे भाग मिळून 175 जागांची विधानसभा. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष निघाला. पण काँग्रेसने अट घातली की गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द द्यावा. शब्द मिळेना. काँग्रेस सरकार बनवीना. कायद्याने मंत्रिमंडळ तर पाहिजे. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपरांना बोलावले आणि ते तयार झाले.

त्यावेळी या पदाला पंतप्रधान म्हणत, म्हणून जुन्या कागदांत कूपर हे मुंबईचे पहिले पंतप्रधान आहेत. मंत्रिमंडळ चौघांचे : स्वतः कूपर, जमनादास मेहता, धारवाडकडचे सिद्धप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला. पाठीशी बहुमत नाही. विधानसभा भरवली की पहिल्याच दिवशी अविश्वास, हे सगळ्यांना माहीत. तेव्हा सभाच भरवली नाही. कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, तेवढीच काय ती ऐपत.

अशा सरकारकडून काय होणार? फारसे झाले नाही. एक गोष्ट मात्र इतिहासात राहिली. विनायकराव सावरकर 1924 पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जमनादास मेहतांनी मंत्रिमंडळात येतानाच त्यांच्या सुटकेची गोष्ट काढली होती. 10 मे 1937 रोजी सावरकरांवरचे निर्बंध उठले. सावरकरांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, तेरा वर्षांची स्थानबद्धता या औटघटकेच्या मंत्रिमंडळाने संपवली, ही नोंद त्यांच्या खात्यावर आहे.

जूनमध्ये व्हाइसरॉयने मवाळ निवेदन काढले, जुलैत काँग्रेस राजी झाली, आणि 19 जुलैला बाळासाहेब खेरांनी कारभार हाती घेतला. कूपर घरी गेले. आमच्या मते त्यांच्यावर हसण्यात अर्थ नाही. बहुमत नसताना खुर्ची घेणे बरे नव्हे, हे खरेच. पण तो माणूस सत्तेआधी पंधरा वर्षे काहीतरी बनवत होता, आणि ते लोकांच्या शेतात चालत होते. खुर्चीवर बसून मग कारखाना काढणारे पुढे पुष्कळ झाले. त्यांची नावे इथे नकोत.

त्या काळाचा आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. देशात त्यावेळी साखर कारखाने 32 च्या आसपास. पाच-सहा वर्षांत ते शंभराच्या वर गेले. आपल्या जिल्ह्यात हरेगाव, टिळकनगर, साखरवाडी असे खाजगी कारखाने प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावर चालले. यंत्र त्यांचे, भाव त्यांचा, आणि पुष्कळ ठिकाणी जमीनही खंडाने त्यांच्याकडे. खंडकऱ्यांची पुढची कथा सांगायला नको, ज्यांच्या घरात घडली त्यांना ती पाठ आहे. शेतकऱ्याने नांगर विकत घेतला, इंजिन विकत घेतले, पण साखरेचे यंत्र त्याच्या मालकीचे व्हायला 1950 साल उजाडावे लागले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने, प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू केला तेव्हा.

कूपरांच्या कारखान्याचे काय झाले? 1940 साली तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांकडे गेला. वालचंदांचा इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना होताच. पुढे वालचंदनगरच्या उद्योगाने साखर कारखान्यांची यंत्रे बनवायला घेतली, आणि सहकारी कारखान्यांतही ती बसली. सातारा रोड स्टेशनाजवळचा ओतकामाचा कारखाना याच उद्योगाकडे राहिला. म्हणजे ज्या भट्टीत नांगराचे फाळ ओतले, तिचा वारसा उसाच्या गिरणीपर्यंत येऊन पोचला. साताऱ्यात कूपर नावाने इंजिनांचा धंदाही चालू राहिला. सर धनजीशा 1947 साली वारले. भाऊराव 1959 साली गेले.

आपल्या सभासदांपैकी कोणाच्या गोठ्यात, वळचणीला कूपरचा जुना नांगर, चरक किंवा इंजिन पडून असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या गटाच्या स्लीपबॉयला किंवा शेतकी विभागात कळवावे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात मांडता येईल. चालू अवस्थेत असले तर फारच उत्तम. हँडल मारायला गडी आम्ही देऊ.