लॉग फाइल फुगलीय? पुसण्याआधी थोडं थांबा

प्रोग्रॅम रात्री चालू करून घरी जायचं आणि सकाळी लॅबमध्ये येऊन बघावं तर स्क्रीनवर एकच ओळ: डिस्कवर जागा शिल्लक नाही. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. आपला डेटा तर एवढा नव्हता, मग जागा गेली कुठे? बऱ्याचदा उत्तर असतं, लॉग फाइल.

लॉग म्हणजे कॉम्प्युटरची रोजनिशी. कोण लॉगिन झालं, कोणती सेवा बंद पडली, कुठे एरर आली, सगळं वेळेसकट लिहिलं जातं. एखादा प्रोग्रॅम बिघडला की तोच एरर पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. हिशोब करून बघा. एक ओळ १०० बाइटची आणि सेकंदाला १,००० ओळी, म्हणजे दिवसाला ८.६४ जीबी!

आधी जागा कुणी खाल्लीय ते शोधा. लिनक्सवर 'डीएफ' कमांड कोणती डिस्क भरलीय ते सांगते, 'डीयू' कोणता फोल्डर जड आहे ते सांगते. सिस्टिमचे लॉग बहुतेक 'व्हार' फोल्डरच्या आतल्या 'लॉग' फोल्डरमध्ये असतात. मशीन सगळ्यांचं असेल तर तिथे स्वतः हात घालू नका, ॲडमिनला सांगा.

आता व्यवस्था. गिरगावच्या चाळीत पेपरांचं जे करतात तेच इथे करायचं. या आठवड्याचे हाताशी, मागचे सुतळीने बांधून माळ्यावर, त्याहून जुने रद्दीत. 'लॉगरोटेट' नावाचा प्रोग्रॅम नेमकं हेच करतो. उबुंटूमध्ये मूळ सेटिंग दर आठवड्याला नवी फाइल आणि मागच्या चार जपायच्या, असं असतं. जुन्या फाइल कॉम्प्रेसही करता येतात, आणि लॉगमध्ये तेच तेच शब्द असल्याने त्या खूप लहान होतात. 'सिस्टिमडी'च्या जर्नलला वेगळी मर्यादा असते. सांगितलं नाही तर डिस्कच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी. ही मर्यादा त्याच्या सेटिंग फाइलमध्ये कमी करता येते.

इथे एक फसगत होते. मोठी लॉग फाइल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही! कारण प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं, पण मजकूर डिस्कवर तसाच. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते. रीस्टार्ट करणं शक्य नसेल तर फाइल डिलीट न करता 'ट्रंकेट' कमांडने तिचा आकार शून्यावर आणतात. त्याआधी शेवटच्या काही हजार ओळी बाजूला कॉपी करून ठेवा, कारण बिघाडाचं कारण बहुधा तिथेच असतं.

खरा प्रश्न पुढे आहे. काय ठेवायचं आणि काय टाकायचं? याचं उत्तम उदाहरण आपल्या कुलाब्यात आहे. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी नेमाने हाताने लिहिल्या जात. एरवी नोंदी ठरावीक अंतराने, पण सुई अस्वस्थ झाली की जवळजवळच्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ त्या वहीत असं उतरलं. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता मोजली, सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण. जवळपास दीडशे वर्षांनी! पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून नोंदींचं काम अलिबागला नेलं, कारण ट्रामच्या विजेने नोंदीत गोंगाट मिसळला असता.

यातून आपल्यासाठी धडे सरळ आहेत. नेहमीच्या वेळी कमी लिहा, गडबड झाली की जास्त. प्रोग्रॅममध्ये यालाच लॉग लेव्हल म्हणतात: 'डीबग' फक्त चूक शोधताना, एरवी 'इन्फो' किंवा 'वॉर्निंग'. प्रत्येक फेरीला प्रिंट करण्याऐवजी दर हजार फेऱ्यांनी करा. आणि गोंगाट नंतर गाळत बसण्यापेक्षा उगमापाशीच टाळा.

शेवटचं, सिस्टिमचा लॉग आणि प्रयोगाचा लॉग वेगळ्या जागी ठेवा. पहिला महिन्याभराने गेला तरी सहसा चालतो. दुसऱ्यात कोणत्या सेटिंगने, कोणत्या आवृत्तीने, कधी निकाल आला हे असतं. परीक्षकाने दोन वर्षांनी "हा आकडा कुठून आला?" विचारलं, तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडणार आहे. ती रद्दीत घालायची नाही.