चाळिशीनंतरचा व्यायाम : जुना आकडा विसरा



आपल्या भागात तालीम नसलेले गाव शोधूनच काढावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, कोल्हापुरात १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले आणि त्यानंतरच्या पिढ्यांत घरटी एखादा पोरगा तरी लाल मातीत लोळूनच मोठा झाला. आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या सभासदांना सहज विचारून पाहा. "आम्ही पोरं हुतो तवा पाचशे बैठका आन् तीनशे जोर रोजचं हुतं," असे छातीवर हात ठेवून सांगतील, आणि ते खरेच असते. पुढे लग्न झाले, भावकीत वाटण्या झाल्या, विहिरीचे कर्ज आले, पोरांच्या शाळा आल्या. लंगोट खुंटीला टांगला तो टांगलाच.

मग एके दिवशी आरोग्य शिबिरात डॉक्टर सांगतात, "साखर वाढली आहे, वजन उतरवा." किंवा घरातला मुलगा सैन्यभरतीसाठी पहाटे पळायला लागतो आणि बापाच्या अंगात वारे शिरते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गडी तालमीच्या दारात हजर! इथवर सगळे चांगलेच आहे. आम्हांला जे सांगायचे आहे ते या दिवसापासून पुढच्या दोन-तीन महिन्यांपुरते.

असे गडी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पहिल्या दिवशी शंभर बैठका होतात, कारण पाचशेच्या मानाने शंभर म्हणजे काहीच नाही असे मन सांगत असते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरावी लागते. तरीही इरेला पेटून आठवडाभर रेटले जाते आणि मग गुडघा सुजतो. दुसरा एखादा पोरांबरोबर कालव्याच्या रस्त्याने पळायला जातो. चौथ्या दिवशी पोटरीत कट् असा आवाज होतो आणि महाशय तिथेच खाली बसतात. महिना-दोन महिने पाय बांधून बाजेवर. नेमकी त्याच वेळी उसाला तोड येते, टोळी फडात येऊन उभी राहते, ट्रॅक्टरवाला हाका मारतो आणि मालक खिडकीतून बघत बसतो. शेवटी बायको म्हणते, "कशाला ही थेरं या वयात?" आणि व्यायाम जन्माचा बंद होतो. आळसाने बुडाला त्याला पुन्हा उठवता येते. उत्साहाने मोडला तो सहसा परत तालमीची पायरी चढत नाही.

हे का होते ते समजून घेतले पाहिजे. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. दम, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसे, काही आठवड्यांत सुधारू लागतो. स्नायूंचेही तसेच. एकदा कमावलेला स्नायू वर्षानुवर्षे पडून राहिला तरी नव्याने कमावणाऱ्यापेक्षा लवकर भरून येतो. पण स्नायू ज्या दोरीने हाडाला बांधलेला असतो, त्या कंडरेला रक्तपुरवठा कमी. ती मजबूत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. वय वाढले की ती ताठर होते आणि मधुमेह असेल तर जास्तच. जुन्या सभासदांना मोटेचा नाडा आठवत असेल. बैल ताज्या दमाचे आणि नाडा कुजका असला तर काय होईल ते सांगायला नको! जुन्या पैलवानाला नवख्यापेक्षा जास्त धोका असतो तो यामुळेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंग हलके वाटते, जोर आल्यासारखा वाटतो आणि वाटते, आता जुना आकडा गाठू. जोर खरेच आलेला असतो, पण नाडा अजून तयार नसतो.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, पेढे वाटले जातात. पण म्हणून त्याच क्षणी पूर्ण दाब चढवून कोणी मिल ओढायला लावत नाही. भट्टीच्या आतल्या विटांच्या अस्तरात ओल असते. लोखंड आणि वीट वेगवेगळ्या चालीने तापतात. एकदम आग वाढवली तर विटा तडकतात, म्हणून बॉयलर सावकाश तापवतात आणि मग गव्हाणीत मोळी पडते. एवढी काळजी आपण सहा-सात महिन्यांच्या बिगरहंगामानंतर घेतो. तुमच्या शरीराचा बिगरहंगाम वीस वर्षांचा आहे.

यावर एक प्रश्न हमखास येतो. "दिवसभर रानात राबतो, आम्हांला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मनाशी खरे सांगा, पूर्वीसारखे राबणे आता किती राहिले? नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जाते, मळ्यात जायला मोटारसायकल असते, आणि उरलेल्या वेळी आपण सोसायटीच्या कट्ट्यावर किंवा मोबाईलपुढे असतो. जे खरोखर राबतात त्यांचे कामही एकांगी असते. खुरपताना, लागण करताना तासन् तास वाकणे आणि एकाच खांद्यावर ओझे. त्याने कंबर झिजते. दम आणि ताकद दोन्ही समतोल वाढतात असे नाही. शिवाय तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, पोटावरच्या चरबीमुळे ते वजनकाट्यावर दिसत नाही एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस ताकदीचा. म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटे झाली तरी खालची मर्यादा गाठली जाते. पाचशे बैठका त्यात कुठेच नाहीत.

सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तंबाखू, विडी असेल, घरात कोणाला हृदयविकार झाला असेल किंवा चढ चढताना छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तालमीत पाऊल टाकू नये. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायामाला जाऊ नये. साखर एकदम उतरून चक्कर येते. व्यायाम करताना छातीवर दाब आला, हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर गॅस झाला म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिले दोन आठवडे फक्त चालणे. वीस मिनिटे पुरे. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. घड्याळ नसले तरी हे माप कोणालाही जमते. शक्यतो मातीच्या वाटेने चालावे आणि पायात नीट बसणारे बूट असावेत. पायताण किंवा स्लीपर घालून झपझप चालल्याने टाच आणि पोटरी दुखावते. बूट घेण्याची लाज वाटते असे काही मंडळी सांगतात. दोन हजारांची औषधाची पोती उधारीवर आणताना लाजत नाही तो माणूस बुटाला का लाजतो, हे आम्हांला कळलेले नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड ताकदीचे काम घ्यावे. पूर्ण बैठक नको. बाजेवर किंवा खुर्चीवर बसायचे आणि हाताचा आधार न घेता उठायचे, असे आठ-दहा वेळा. दम खाऊन पुन्हा तेवढेच. जोर आधी भिंतीला हात टेकून, काही आठवड्यांनी ओट्याच्या कडेवर आणि नंतर जमिनीवर. पोटरीसाठी पायरीवर उभे राहून टाचा उचलाव्यात आणि अगदी सावकाश खाली आणाव्यात. दिसायला पोरखेळ वाटतो, पण कंडरा तयार होते ती अशाच सावकाश भाराने. जोर काढताना श्वास कोंडू नये. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. तालमीत वस्ताद "श्वास सोड, श्वास सोड" म्हणून ओरडायचे ते उगीच नव्हे. पळायचेच असेल तर दोन महिने चालल्यावर, आणि तेही मिनिटभर पळणे नि दोन मिनिटे चालणे असे. वाढवायचे ते एका वेळी एकच: अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग वाढवू नये, बैठका वाढवल्या तर जोर तेवढेच ठेवावेत. लागणीच्या उसाला नत्राचा सगळा हप्ता आपण एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, मग ४०, पुन्हा १० आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४०. मूळच धरले नसताना ओतलेला युरिया कुठे जातो हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

दुखणे ओळखता आले पाहिजे. व्यायामाने अंग मोडून आल्यासारखे होते, दोन्ही मांड्या सारख्याच जड होतात, दुसऱ्या दिवशी जास्त वाटते आणि तीन दिवसांत ओसरते. त्याला भिऊ नये. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ, एका बाजूची सूज किंवा रात्री झोपमोड करणारा ठणका असेल तर ती दुखापत समजावी. सर्वांत सोपी कसोटी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. काल सकाळपेक्षा आज सकाळी तो सांधा जास्त धरला असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला, मागे या. "घाम काढला की आपोआप जाईल" हे तालमीतले बोल विशीच्या पोराला चालून जात असतील. पन्नाशीत त्याच बोलापायी सहा महिने जातात.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली, खंडानंतर एकदम शेकड्यांनी बैठका मारल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काकवीच्या रंगाची झाली, मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, तर तासभरही थांबू नये. स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरलेले असते आणि ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. हे धट्ट्याकट्ट्या माणसालाही होते, उन्हात आणि पाणी कमी पिऊन केले तर लवकर होते. दुसरी, पळताना किंवा उडी मारताना मागून कोणी काठी हाणल्यासारखे वाटले, वळून पाहावे तर मागे कोणीच नाही, आणि चवड्यावर उभे राहता येत नाही, तर टाचेची कंडरा तुटली असण्याचा दाट संभव. पाऊल थोडेफार हलते म्हणून "लचकले असेल" समजून चोळत बसणारे खूप आहेत. चोळू नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये, त्याच दिवशी अस्थिरोग डॉक्टरांना दाखवावे. साध्या लचकीलाही पहिले दोन दिवस गरम शेक आणि रगडून मालीश नको. पाय उशीवर उंच ठेवावा, पट्टी बांधावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा.

भगिनींबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण घरात व्यायामाचा विषय निघाला की तो पुरुषांपुरताच निघतो. पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. खुर्चीवरून उठबस, भिंतीवरचे जोर आणि चालणे हे त्यांना पुरुषांइतकेच, किंबहुना जास्तच लागू आहे. शेजारच्या चौघीजणींनी मिळून संध्याकाळी चालायला निघावे. लोक चार दिवस बघतील आणि पाचव्या दिवशी त्यांच्या बायकाही येतील.

सूर्यनमस्काराबद्दल सभासद आवर्जून विचारतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांनी संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले. ते स्वतः आधी अनेक वर्षे सँडो या पाश्चात्त्य पैलवानाच्या पद्धतीने व्यायाम करीत आणि १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, नियमित नमस्कारांकडे वळले. चाळिशीत व्यायामाचा प्रकार बदलण्यात कमीपणा नाही, हे राजेसाहेबांच्या उदाहरणावरून घ्यावे. मात्र पहिल्या महिन्यात तीन-चारच नमस्कार, तेही संथ. कमरेतून पायात कळ जाणाऱ्यांनी, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी आणि डोळ्यांत काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावेत.

खंड तर पडणारच. लागणीचे दिवस, तोडीचे दिवस, लग्नसराई, घरातले दुखणे. चार-पाच दिवस गेले तर जिथे थांबला होतात तिथूनच पुढे जायला हरकत नाही. दोन-तीन आठवडे गेले तर निम्म्यावरून सुरू करावे आणि पंधरा दिवसांत मूळ जागेवर यावे. ताप येऊन गेला असेल तर अंगात पुरती ताकद येईपर्यंत चालण्यापलीकडे काही करू नये. आणि तालमीत गेल्यावर कोणी विचारले, "काय पैलवान, आज किती?" तर "दहा" म्हणून सांगावे नि घरी यावे.